सत्यमच्या हातातला फोन

"सुदर्शन, थांबायचं का उरकायचं, तेवढं सांग," नरसिंगतात्या म्हणाले.

फोन चुलतभाऊ सत्यमच्या हातात होता. पडद्यावर औशाच्या घराचं अंगण दिसत होतं, माणसांनी भरलेलं. मध्ये तिरडीवर सुदर्शनचे वडील, अण्णा, होते. व्यंकटराव औसा ते लातूर काळी-पिवळी चालवायचे. दुपारी लातूरच्या स्टँडवर गाडी भरायची वाट बघत बसले होते. तिथंच स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते टेकलंच. धाकटी आरती लातूरलाच नर्सिंग शिकत होती. निरोप मिळाल्याबरोबर ती पळत आली, रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

सुदर्शन टोरोंटोत एका घराच्या तळघरात राहत होता. शिकायला येऊन तिसराच आठवडा. तिथं सकाळ होती. वर्गात वाजू नये म्हणून त्यानं फोनचा आवाज बंद केला होता, तो चालू करायचा राहून गेला. उठून बघतो तर आरतीचे न घेतलेले कॉल एकाखाली एक. आता तो खुर्चीवर चढून छताजवळच्या खिडकीशी उभा होता. तिथंच नेट नीट मिळायचं.

"आज निघालास तर कधी पोचशील?" तात्यांनी विचारलं. ते थोरले चुलते.

"तिकीट मिळालं तर परवा, तात्या. हैदराबादला उतरून मग पुढं."

"मग लातूरला बर्फाच्या पेटीत ठेवू. तू लेक हायस. तू म्हणशील तर थांबतो आम्ही."

"दिवस मावळाय आला," गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. सगळे फोनकडं बघत होते.

"सत्यम, आईला दाखव."

सिंधुबाई तिरडीला लागून बसली होती. नवऱ्याच्या तोंडावर बसणाऱ्या माशा पदरानं वारत होती.

"आई."

"बोल."

"निघू का मी?"

तिचा हात थांबला नाही. "तुझं तू बघ, लेकरा. मला इचारू नको. मी ये म्हणीन."

खिडकीच्या काचेपलीकडून कुणाचे तरी बूट गेले. मग एक लहान मुलांची गाडी गेली.

"पेटीत नका ठेवू," शेवटी सुदर्शन म्हणाला. "अण्णा भर थंडीतसुद्धा गाडीची काच लावत नव्हते. नका थांबू."

हे आपण अण्णांसाठी म्हणालो की स्वतःसाठी, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. सिंधुबाईनं एकदा मान डोलवली आणि पुन्हा माशा वारायला लागली.

"बरं," तात्या म्हणाले. "मग अग्नी सत्यम दिल."

पडद्यावरचं अंगण हललं. सत्यमनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आरती देईल," सुदर्शन म्हणाला.

"पोरीनं मसणवट्यात यायचं? आरं, गाव काय म्हणल?"

"दुपारी तिनं एकटीनं नेलं त्यांना, तात्या. तवा कोण होतं गावातलं?"

तात्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. उत्तर मात्र सिंधुबाईनं दिलं, मान वर न करता.

"आरतीच दिल. उचला आता."

तिचा पदर मग तोंडात गेला. बायकांचा आवाज एकदम उठला आणि फोनमध्ये तो नुसती घरघर होऊन आला.

स्मशान ओढ्याच्या काठाला होतं. तिथवर सत्यम फोन वर धरून चालला. कधी खांदेकऱ्यांच्या पाठी दिसायच्या, कधी बाभळी, कधी नुसतं आभाळ. सुदर्शनच्या शेजारच्या खोलीतला नायजेरियन मुलगा दात घासत बाहेर आला. त्यानं खुर्चीवर उभ्या सुदर्शनला पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि तसाच तोंडात ब्रश धरून उभा राहिला.

आरतीनं कॉलेजचा पांढरा ड्रेस बदललाच नव्हता. खांद्यावर मडकं घेऊन ती सरणाभोवती फिरली. भोकातून पडणारं पाणी तिच्या पाठीवरून खाली ओघळत होतं. मडकं फुटलं. तिच्या हातात पेटतं लाकूड दिलं तेव्हा ती थांबली. तिनं इकडं तिकडं शोधलं आणि सत्यमच्या हातातल्या फोनकडं बघितलं.

"दादा, हायस ना?"

"हाव," सुदर्शन म्हणाला. "हाय मी. पायाकडून न्हाई, डोक्याकडून दे."

"म्हाईत हाय मला."

तिनं अग्नी दिला. लाकडं वाळलेली होती, लवकर पेटली.

सुदर्शनचे पाय भरून आले, तरी तो खुर्चीवरून उतरला नाही. पुढं तात्यांचा आवाज आला, "चला. आता कुणी मागं वळून बघायचं न्हाई."

माणसं निघाली. तात्यांनी आरतीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. सत्यमही निघाला. कॉल चालू आहे हे तो विसरला असावा. फोन धरलेला हात त्यानं खाली सोडला होता आणि कॅमेऱ्याचं तोंड मागं झालं होतं.

पडदा पावलागणिक हेलकावे खात होता. त्यात वाट होती, धूळ होती, आणि वाटेच्या टोकाला जाळ. सगळे पुढं बघून चालले होते. जाळ बारीक बारीक होत बाभळींच्या आड जाईपर्यंत सुदर्शन एकटा बघत राहिला.