रिकामी रायफल

अक्षताने एकोणचाळिसाव्यांदा चाप ओढला, तेवढ्यात शेजारच्या वनमालाकाकीने दार ढकललं.

"तुझ्या डावीकडे जाता गो," काकी म्हणाली.

अक्षताने रायफल मांडीवर घेतली. व्हीलचेअरचा ब्रेक लागलेला होता, तरी सवयीने चाकाला हात लावून बघितला. "काय जातंय डावीकडे?"

"तुझो नेम."

आता काकीने उभ्या जन्मात शिलाईमशीन सोडून दुसरं यंत्र हाताळलं नव्हतं. आणि रायफल तर रिकामीच होती. घाटकोपरच्या भटवाडीत, दहा फुटी खोलीत, छर्रे कोण उडवणार? समोरच्या भिंतीवर पांढरा कागद, कागदावर काळा ठिपका. त्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा, टक. रोज संध्याकाळी साठ वेळा. रेंज लांब, आणि व्हीलचेअर दिसली की रिक्षावाल्यांना अचानक गॅस भरायचा आठवायचा, त्यामुळे खरी गोळी आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस नुसती टक. गोळी सुटली असती तर कुठे लागली असती, हे आपलं आपणच ठरवायचं.

हीच तर मेख होती. गेल्या खेपेला रेंजवर तिची प्रत्येक गोळी केसभर डावीकडे गेली होती, आणि का जातेय ते काही केल्या सापडत नव्हतं. आणि दिव्यांग नेमबाजांच्या भारतीय संघाची निवड परवावर आली होती. मागच्या वर्षी ती अर्ध्या गुणाने राहिली होती. त्यानंतर पंधरा दिवस घरात कोणाशी बोलली नव्हती.

"काकी, तुला कोणी सांगितलं हे?"

काकीने दार लोटून घेतलं. पदर बाजूला केला आणि ब्लाउजचं वरचं हूक काढलं.

छातीवर निळे डाग होते. मसुराच्या दाण्याएवढे. बरेचसे एकावर एक पडून त्यांचा एकच काळानिळा गोळा झाला होता, आणि त्याच्या बाजूला, अक्षताच्या डाव्या हाताला, ताज्या डागांचा दाट पुंजका.

गोळ्या छान जवळजवळ बसल्यात, हे तिच्या मनात आधी आलं. मग तिने चापाजवळचं बोट काढून घेतलं.

"माझी मशीन त्या भिंतीक लागून," काकीने ठिपक्याकडे बोट दाखवलं. "तोंड हिकडे. तुझी टक झाली काय हय टोचता. महिनो झालो. डाक्टरान कार्डिओग्राम काढल्यान. काय नाय म्हणता."

"महिना? आणि मला आज सांगतेस?"

"मधी लागत होता तवसर कशाक सांगू? सुई टोचल्यासारख्या होता आणि जाता. बाजूक लागला काय मात्र रातभर ठणकता. आठ दिस ठणकता."

 "काकी, ती मशीन हलव. आत्ताच्या आत्ता हलव तिथून."

"हलवीन. पण मी थयसून उठलंय तर तुका कोण सांगतला?"

यावर अक्षताने काकीला गप्प करायला हवं होतं. तिने त्यासाठी तोंड उघडलंही. बाहेर आलं ते भलतंच.

"किती डावीकडे?"

काकीने मधला गोळा आणि ताजे डाग यांच्या मध्ये करंगळीचं नख ठेवलं. "इतक्या."

"वर-खाली?"

"नाय. सरळ रेषेत."

म्हणजे चूक खांद्याची नव्हे. गालाचीही नव्हे. चाप ओढताना तिचं बोट शेवटच्या क्षणी रायफलीला बाजूला ढकलत होतं. आठ दिवस डोकं आपटून जे कळलं नाही ते त्या नखाएवढ्या जागेत कळलं. तिला आनंद झाला. खरं सांगायचं तर फार आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला किळस आली.

"जा तू काकी. आज बस झालं. मी नाही करत."

"परवा निवड हा," काकी हूक लावत म्हणाली, आणि गेली.

भिंत नावालाच भिंत होती. पलीकडे पापड मोडला तरी इकडे ऐकू यायचा. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मशीनचा मात्र आला नाही. काकी नुसतीच बसली होती.

अक्षताने पाच मिनिटं वाट बघितली. दहा मिनिटं बघितली. स्टूल हललं नाही.

शेवटी तिने रायफल उचलली. ठिपका सोडून पार वर, छताजवळच्या पोपड्यावर नेम धरला आणि चाप ओढला. टक.

"फुकट घालवलंस," पलीकडून आवाज आला. अगदी जवळून, भिंतीला तोंड लावल्यासारखा. "डोक्यावरसून गेला. मधी मार गो. मधी मारलंस काय दुखणा नाय."

अक्षताने गाल रायफलीला टेकवला. बोट सरळ मागे घ्यायचं, ढकलायचं नाही. काळा ठिपका समोर आला. तो हलत होता. तिच्या हातामुळे नव्हे. हात तर दगडासारखा होता. भिंतीवरचा कागदच किंचित वर येत होता, खाली जात होता, सावकाश, कोणी श्वास घ्यावा तसा.

खाली गेला की क्षणभर थांबत होता.

अक्षता त्या क्षणाची वाट बघू लागली.