उत्तररंगापुरती बिघडलेली गाडी

"नाही होत स्टार्ट, आई. तू बस जा आत," उत्तमने गाडीतून मान बाहेर काढून सांगितलं.

सगुणाबाईंनी जमेल तितका चेहरा पाडला आणि खडवलीच्या त्या देवळात लगबगीने परत गेल्या. बुवांचा पूर्वरंग नुकताच आटोपला होता. आता उत्तररंग, म्हणजे गोष्ट.

दर रविवारी दुपारी हेच चाललेलं. उत्तम आईला कोपरीहून आपल्या लाल गाडीतून कीर्तनाला आणायचा. गाडी विलायती, दोन दारांची, चाळीस वर्षांची. तिच्यावर त्याचा भारी जीव. कीर्तन म्हटलं की मात्र जांभया. निरूपण संपलं की निघायचं, हे त्याने आईला आधीच बजावलेलं. त्यामुळे वर्षानुवर्षं गोष्ट राहूनच जायची.

दसऱ्यापासून गाडीने खोडी काढली. सकाळी थंड असताना एका किल्लीत सुरू. लांबून तापून आली आणि थोडा वेळ उभी राहिली की हटून बसायची. पाऊण तास निवली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. तोवर आरती झालेली असायची.

पहिल्या पहिल्यांदा उत्तम चिडायचा, स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवायचा, बोनेटमध्ये डोकं घालून बसायचा. हल्ली शांत झालेला. एकदाच किल्ली फिरवायचा, मग देवळाच्या पायरीवर सावलीत बसून गुडघ्यावर बोटं आपटत राहायचा. त्याचा खोळंबा बघून सगुणाबाईंना अपराधी वाटे. 'गाडी एवढ्यात बरी करू नकोस,' असं त्यांनीच देवाला सांगितलं होतं. नंतर स्वतःचे कान धरले, पण मागणं काही परत घेतलं नाही.

होळी जवळ आली तरी तेच. आज मात्र सुनेने, निशाने, फोनवर ताकीद दिली: गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय घरी आणायची नाही. परतताना उत्तमने आंबिवलीला रत्नदीपच्या गॅरेजसमोर गाडी लावली आणि चहा सांगायला नाक्यावर गेला.

सगुणाबाई लगेच गाडीतून उतरल्या. त्यांनी रत्नदीपला गाठून विचारलं, हिचं दुखणं तरी काय?

रत्नदीपने समजावलं, की असल्या इंजेक्शनच्या गाडीत पंपावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पेट्रोलचा दाब धरून ठेवणारा. तो खराब झाला, की तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी उठत नाही. व्हॉल्व्ह बदलला की झालं.

"मग नको बदलूस, बाळा," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. "चार रविवार तरी थांब. या वयात मला गोष्टीचा शेवट ऐकायला मिळतोय. पाप लागलं तर माझ्या माथी."

रत्नदीपने हात पुसले, नाक्याकडे एकदा बघितलं आणि फळीवरून एक काळवंडलेला व्हॉल्व्ह काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा तर संक्रांतीलाच काढून नवा बसवला, मावशी. आईला सांगू नको, असं उत्तमदादाच बोललेले. परवा मला विचारत होते, चांगल्या झांजा कुठं मिळतात."