आणखी एक लग्न

१९३२ साली इंग्लंडमधल्या लँकेशायरातल्या आमच्या गिरणीगावात लग्नं फार कमी झाली आणि पाळणे त्याहून कमी हलले. नगर परिषदेच्या ऑफिसात हे आकडे जुळवायचं काम माझं. ते बघून अध्यक्ष एन्टविसल साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"मिस अ‍ॅशवर्थ, झालंय तरी काय हो हल्लीच्या पोरापोरींना? आमच्या वेळी विशीत दोनाचे चार हात व्हायचे. जरा शोधा बघू कारण."

मी म्हटलं, "ईस्टरला मी लग्न करतेय, साहेब. क्लिफर्डशी. सहा वर्षं थांबलोय आम्ही."

त्यांना खरंच आनंद झाला. त्यांनी चहा मागवला आणि स्वतःच्या डब्यातलं आल्याचं बिस्किट मला दिलं. "चला, एक तरी लग्न वाढलं."

चहा संपल्यावर हळूच म्हणाले, "म्हणजे ईस्टरपासून तुमची नोकरी बंद. लग्न झालेल्या बाईला आपण ठेवत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

"क्लिफर्डला गिरणीत आठवड्यातून तीनच दिवस काम मिळतं, साहेब."

"होईल हो सगळं नीट," ते म्हणाले, आणि माझ्या जागेची जाहिरात मलाच टाइप करायला सांगितली. मी उरलेलं बिस्किट बशीत ठेवलं आणि मशीनमध्ये कागद चढवला.



'गावातली लग्नं का घटली, याचा शोध घेण्यासाठी कारकून मुलगी पाहिजे. लग्न केल्यास नोकरी जाईल.'