बारा चित्रांचे पैसे

पेमेंट अॅपने वर्षभराच्या जमेचा आकडा परस्पर कर खात्याला कळवला आणि चित्रं काढून पोट भरणाऱ्या धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षात चित्रं विकली गेली होती जेमतेम चार; बाकीच्या बारा रकमा दादाने घरभाड्यासाठी पाठवलेल्या. बहिणीला ओशाळं वाटू नये म्हणून तो दर वेळी 'चित्राचे पैसे' असंच लिहायचा.

"ही नुसती मदत होती, असं भावाकडून लिहून आणा. कर वाचेल," कर सल्लागार म्हणाले.

नखातला निळा रंग खरवडत ती खुर्चीत चुळबुळत राहिली. दोनदा दादाचा नंबर काढला, दोनदा फोन पर्समध्ये टाकला.

"कमाईच लिहा. भरते मी कर!"

"अहो ताई, पण ती बारा चित्रं आहेत कुठे?"



"आजपासून काढायला बसते."