नाटकापुरता हंडा

धुळ्याच्या कडेचं चर्च शंभर वर्षांचं झालं, म्हणून मनोरमाबाईंनी त्याच्या इतिहासाची नाटिका बसवली. पहिलाच प्रवेश त्यांच्या आजीचा. गावानं विहिरीवरून हाकललेली आजी रिकामा हंडा घेऊन रडते आणि पाळकसाहेब तिच्यासारख्यांसाठी चर्चच्या आवारात विहीर खोदून घेतात.

त्याच विहिरीला यंदा चर्चच्या कमिटीनं कुलूप घातलं होतं. किल्ली मनोरमाबाईंच्या कमरेला. नाटिका सुरू व्हायच्या आधी शेजारच्या वस्तीतली भागाबाई जुना पितळी हंडा घेऊन फाटकाशी आली.

"अक्का, एकच हंडा भरू द्या ना. नळले पानीच नही."

मनोरमाबाईंचा हात किल्लीवर गेला आणि तिथंच थांबला. "कमिटीचा नियम शे, बाई. माझ्या हातात काय शे?"

तेवढ्यात आतून ओरडा झाला, आजीचा हंडा कुठंय? मंडळींच्या घरी आता सगळं प्लास्टिकचंच.

"भागाबाई, तुझा हंडा दे ना जरा. नाटकापुरता."

आजीचा प्रवेश बघून सगळं चर्च रडलं. मनोरमाबाई तर हुंदके देऊन.

 

मग डोळे पुसत त्या फाटकाशी गेल्या आणि भागाबाईचा हंडा तिला परत दिला. घेतला होता तसाच, रिकामा.