कारणाचा रकाना

विजयश्रीने पेनाचं टोपण काढलं आणि नाव काढायच्या अर्जातल्या कारणाच्या रकान्यापाशी ती अडकली. खाली नुसती सही करायची होती. सही झाली की दहा वर्षांची दीक्षा सोमवारपासून शिष्यवृत्तीच्या वर्गात बसणार नव्हती. अर्जाशेजारी लेकीचा भागाकाराचा पेपर पडला होता, वीसपैकी आठ. दीक्षा खिडकीशी ओठ मिटून उभी होती. रडली मात्र नव्हती.

चाकणच्या कंपनीतली पहिली शिफ्ट उरकून विजयश्री युनिफॉर्मवरच शाळेत आली होती. रकान्यात समोर बसलेल्या दिग्विजय सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'गणितात मुळातच कच्ची.' तिला संताप आला. ती सातवीत असताना हेडमास्तरांनी तिच्या बापाला हेच ऐकवलं होतं. दुसऱ्या दिवशी बापाने तिला कांद्याच्या वावरात नेलं. शाळा सुटली ती सुटलीच.

"सर, आमच्या कंपनीत असलं कारण चालत न्हाई," ती म्हणाली.

ती गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासायची. वाया गेलेला माल लाल खोक्यात, दुरुस्त होणारा पिवळ्यात. पण लाल खोक्यात टाकायचं म्हणजे उचललं आणि फेकलं असं नाही. आधी तीनदा मोजायचं. मग चिठ्ठीवर लिहायचं, नेमकं कुठे बिघडलंय. एकदा घाईत तिने 'मुळातच खराब' असं लिहिलं, तर सुपरवायझरने चिठ्ठी फाडून तिच्याच हातात ठेवली होती. तेव्हापासून नऊ वर्षांत तिचं पिवळंच खोकं जास्त भरलं.

सर काही वाईट नव्हते. साठ पोरं सांभाळून पार थकून गेले होते बिचारे.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," ते समजुतीने म्हणाले. "एखाद्याच्या डोक्यात गणित नसतंच. उगाच पोरीला त्रास कशाला?"

समजूत काढायला गेले आणि विजयश्रीचं डोकंच फिरलं.

"कुठं चुकली, ते दावा."

"बारा गणितं चुकलीत की."

"किती ते न्हाई इचारलं. कुठं?"

सरांनी नुसत्या लाल फुल्या मारल्या होत्या. त्यांना पटकन सांगता येईना. विजयश्रीने पेपर पुढे ओढला. आठशे सोळा भागिले चार. अर्जाच्या पाठीमागे तिने स्वतः मांडून पाहिलं. उत्तर आलं चोवीस. पेपरातही चोवीसच होतं. दुसरं केलं, तिसरं केलं. तिन्ही तंतोतंत जुळली.

"ही तर बरोबर हायेत!" तिने टेबलावर हात आपटला. "माज्या पोरीवर फुल्या कशापायी?"

सरांना हसू फुटलं. पण तिने मांडलेलं गणित पाहिलं आणि ते हसायचे थांबले.

"ताई, दोनशे चार येतात. एकाला चारचा भाग जात नाही, तिथे वर शून्य द्यायचं असतं. तुम्ही तसंच पुढे गेलात." ते झरझर फुल्यांवरून बोट फिरवू लागले. दुसरं गणित, पाचवं, अकरावं. बाराच्या बारा ठिकाणी तेच एक शून्य राहिलं होतं. "हिला भागाकार कुणी शिकवला?"

"मम्मीनं," दीक्षा खिडकीजवळून म्हणाली. "भाकरी थापताना."

 विजयश्रीच्या डोळ्यांपुढे स्वतःचा सातवीचा पेपर आला, फुल्याफुल्यांचा. कुठे चुकलं ते कुणी दाखवलंच नव्हतं.  रडायचं ते घरी जाऊन, इथे नाही.

"येवढंच व्हतं व्हय?" ती म्हणाली. "येक शून्य?"



तिने अर्ज सुलटा केला. 'मुळातच कच्ची'वर आडवी रेघ ओढली, कागद फाटेल इतकी जोरात. पुढे लिहिलं, 'शून्य द्यायचं राहिलं. दुरुस्ती होईल, दोघींची.' सहीची जागा तिने कोरीच सोडली. मग पेन वर नेलं आणि विद्यार्थिनीच्या नावाच्या रकान्यात, दीक्षाच्या नावाखाली, स्वतःचं नाव लिहिलं.