दुसरी खीळ

भीमेत बुडून मेलेल्या मायाप्पाची शिडाची नाव त्याच्या बायकोनं, गोजाबाईनं, शेवटी ज्ञानूला विकली. नाव नीट वळत नव्हती, म्हणून ज्ञानूनं एकनाथ सुताराला नवं सुकाणू बसवायला बोलावलं.

एकनाथनं जुनं सुकाणू उतरवलं. ते त्यानंच बसवलेलं होतं. बिजागरीला दोन खिळी लागत होत्या आणि तेव्हा त्याच्याकडं एकच होती. "मंगळवारी सोलापूरच्या बाजारातनं दुसरी आणून ठोकतो," असं तो मायाप्पाला म्हणाला होता. सोमवारीच नाव भोवऱ्यात फिरली. दुसरं भोक अजून रिकामं होतं.

"मजुरी राहू दे," तो ज्ञानूला म्हणाला. "हे लाकूड तेवढं दे. चुलीला होईल."

"सागवान चुलीत घालता व्हय, काका? लई श्रीमंत झाला की."

काठावर बसलेली गोजाबाई उठून जवळ आली. एकनाथनं भोकावर अंगठा दाबून धरला.

"न्हेऊ दे त्यास्नी," ती ज्ञानूला म्हणाली. "मामलेदारापुढं अख्ख्या गावानं सांगितलं, मालक पिऊन नाव हाकत हुते म्हणून. एकटे एकनाथदादाच गप ऱ्हायले."